पाटीवरची तारीख

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. घरात ती धसकी. लहानपणी कोणी दार आपटलं तरी ती भिंतीला जाऊन चिकटायची, म्हणून आईने लाडाने ठेवलेलं हे नाव. पुढे आई गेली, बाबा गेले, नाव मात्र गेलं नाही. लिफ्टमध्ये ती कधी एकटी चढली नाही. दुचाकीवर मागे बसायचं म्हटलं की ती पायी चालायला लागायची. फोन वाजला की आधी मनात वाईट बातमी तयार व्हायची, मग हात फोनकडे जायचा.

कामात मात्र हात कापत नसे. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे आले की त्यात प्लॅस्टर ओतायचं, साचा काढायचा, मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचा. एखादा दात केसभर जरी उंच राहिला तरी माणूस तोंड वाकडं करून जेवतो, याची तिला धास्ती. म्हणून ती जे इतर एकदा बघत ते चारदा बघायची. लॅबचे मालक म्हणायचे, "हिच्या कवळ्या परत येत नाहीत, कारण ही घाबरट आहे." आणि ते कौतुकच असायचं.

घरी ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच. भावाची नजर ऐन विशीत गेली. आजार डोळ्यांचा होता आणि हळूहळू चालला होता, त्यामुळे जाणार हे आधीपासून माहीत होतं; पण माहीत असण्याने काही सोपं झालं नाही. सोपं केलं ते त्याच्या स्वभावाने. तो बहिणीच्या अगदी उलटा. हातात पांढरी काठी, एका कानात फोनचा इअरफोन, आणि चाल अशी की डोळसाने बाजूला व्हावं. एका मोठ्या दवाखान्यात तो टेलिफोनवर बसायचा. फोनमधलं वाट सांगणारं ॲप बाईच्या आवाजात त्याला "पुढे चला, आता डावीकडे" असं सांगत राहायचं आणि तो एकटा जायचा, एकटा यायचा. बहीण तोवर लॅबमध्ये जीव मुठीत धरून मेण वितळवत असायची.

मग शहर खणायला घेतलं. सांडपाण्याचे जुने नळ काढून मोठे टाकायचे होते. आज ही गल्ली, उद्या ती. सकाळी धडधाकट असलेला रस्ता संध्याकाळी उताणा पडलेला दिसायचा. ॲपला यातलं काही कळत नव्हतं. एकदा भाऊ गुडघाभर चिखल घेऊन घरी आला आणि हसत होता. धसकीला हसू आलं नाही. तिने विचारलं, "ह्या तुझ्या बाईला कोण सांगतं, रस्ता कुठे आहे म्हणून?"

"लोकच सांगतात," भाऊ म्हणाला. "नकाशा सगळ्यांचा आहे. ज्याला जे दिसतं ते तो लिहितो. तूही लिहू शकतेस."

त्याने हे सहज म्हटलं होतं. धसकीने ते मनावर घेतलं. तिने नकाशावर खातं उघडलं, टोपणनाव ठेवलं 'कवळी', आणि शिकायला बसली. रस्त्यावर 'काम चालू' अशी नोंद केली की ॲप त्या रस्त्याला शिवत नाही, हे कळल्यावर तिला हत्यार मिळाल्यासारखं झालं. कामावरून येता-जाता ती उकरलेले रस्ते बघायची, तेही लांबून, कारण खड्ड्याच्या काठाशी जायची तिची हिंमत नव्हती. फोटो काढायचा, घरी येऊन रस्ता बंद करायचा. शंका आली तरी बंद. बाजूला वाळूचा ढीग दिसला तरी बंद.

उघडायचं मात्र तिच्या हातून होत नसे. काम संपलं असेल कशावरून? पुन्हा खणलं तर?

नकाशावर 'मोजपट्टी' नावाचा एक जुना गडी होता. पेशाने जमीन मोजणारा. त्याला कोणी पाहिलं नव्हतं, पण त्याचा शब्द सगळे मानत. त्याने तिला लिहिलं, "तुमच्या नोंदी नीटनेटक्या असतात. पण तुम्ही बंद केलेल्या रस्त्यांवरून गाड्या धावताना मी रोज बघतो. जे नाही ते दाखवणं हीसुद्धा चूकच. पाटीवर काम संपायची तारीख असते, ती घालत जा. तारीख उलटली की रस्ता नकाशात आपोआप उघडेल."

भावानेही तेच लावून धरलं. दवाखान्याकडे जाणारा सरळ रस्ता तिने बंद केल्यापासून तो मोठा वळसा घालून जात होता. "ताई, तुझ्या नकाशात अख्खं शहर बंद आहे. मी कामाला निघतो की जगभ्रमणाला? पाटी लावलीय ना त्या लोकांनी? मग घाल की तारीख!"

दोघांपुढे तिचं चाललं नाही. लाजही वाटली थोडी. त्या रस्त्याच्या पाटीवरची तारीख तिने फोटो मोठा करून वाचली आणि नकाशात घातली: अमुक दिवसापर्यंत बंद. आदल्या दिवशी जाऊन खात्री करायची असं मनाशी ठरवलंही होतं. पण त्या दिवशी लॅबमध्ये घाईचं काम आलं, आणि खरं सांगायचं तर त्या खड्ड्याजवळ जायचं टळलं म्हणून तिला बरंच वाटलं.

तारीख उलटली. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या फोनमध्ये नवा नकाशा उतरला. त्याची पाळी दुपारची होती. धसकी नेहमीप्रमाणे आधी निघाली.

लॅबमध्ये तिच्यापुढे एका म्हाताऱ्या गृहस्थाची कवळी होती. चहाच्या वेळी तिने फोन बघितला. त्या रस्त्याच्या नोंदीखाली कोणीतरी सकाळीच फोटो टाकला होता आणि लिहिलं होतं, "हा रस्ता उघडा कोणी दाखवला? काम संपलेलं नाही, उलट आणखी खोल गेलंय. पाटीवर नवी तारीख चिकटवलीय. ट्रक आत घ्यायला कठडेही बाजूला केलेत."

तिने फोटो मोठा केला. रस्ता आडवा कापलेला होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तळाला काळं पाणी आणि पाण्यातून वर आलेल्या लोखंडी सळया.

घड्याळाकडे बघितलं. तो निघालेला असणार.

तिने फोन लावला. वाजलाच नाही, थेट निरोप ठेवायला सांगणारा आवाज आला. पुन्हा लावला, पुन्हा तोच. मग तिला आठवलं. तो चालत असताना ती इतक्यांदा फोन करायची की ॲपचं बोलणं मधेच तुटायचं. कंटाळून त्याने चालताना तिचे फोन बंद राहतील अशी सोय केली होती. तिला सांगूनच केली होती. "रागावू नकोस, पण तू फोन करतेस आणि मला डावं-उजवं ऐकू येत नाही."

दवाखान्यात फोन लावला. त्याच्या जागेवरची बाई म्हणाली, "अजून पोचला नाही. काही निरोप?"

तिने नकाशात तो रस्ता बंद केला. नोंद झाल्याची खूण आली आणि त्याच क्षणी तिला उमगलं की याचा काडीचाही उपयोग नाही. त्याच्या फोनमध्ये सकाळी उतरलेला नकाशा होता. त्यात तो रस्ता उघडा होता आणि तिच्याच हाताने उघडला गेला होता.

दाराशी कवळ्या पोचवणारा माणूस स्कूटरच्या डिकीत खोकी भरत होता. चांगला पोक्त गृहस्थ, गाडी जपून चालवणारा. धसकी जिना उतरून आली, अंगावरचा प्लॅस्टरने माखलेला एप्रन तसाच, आणि मागच्या सीटवर बसली. तो बघतच राहिला. गेल्या कित्येक वर्षांत ती त्या स्कूटरच्या हातभर जवळही आली नव्हती.

"दवाखान्याच्या रस्त्यावर," ती म्हणाली. "जपून चालवू नका."

वाटेत तिने डोळे मिटले नाहीत. प्रत्येक वळणावर ती पांढरी काठी शोधत होती. दिसू दे, इथेच दिसू दे, अजून वळला नसू दे. पानाच्या ठेल्याशी नव्हता. बसथांब्यावर नव्हता. रस्त्याच्या तोंडाशी कठडे खरोखरच बाजूला सरकवलेले होते, आणि मधून एखादी बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी होती.

आत शुकशुकाट. कामगार पलीकडे झाडाखाली जेवायला बसलेले. खोदकामाचं यंत्र मान खाली घालून उभं. मातीचा ढीग, त्या ढिगावरून सुरू होऊन खंदकावर टाकलेली एक लांब फळी, आणि त्या फळीच्या मधोमध, तिच्याकडे पाठ करून, तो.

काय झालं असेल ते तिला दिसल्यासारखं कळलं. फळीची सुरुवात मातीवर होती, दोन्ही बाजूंना काठीला जमीन लागत होती. खालून पोकळ आवाज येत होता, पण या शहरात गटारांच्या झाकणांवरून चालताना तसा आवाज कायमच येतो. चार पावलं पुढे गेल्यावर काठी डावीकडे टेकवली तर तिथे काही नव्हतं. उजवीकडे टेकवली, तिथेही नव्हतं. तिथे तो थांबला.

स्कूटरवाल्याने ओरडायला तोंड उघडलं. धसकीने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. जन्मभर झुरळ बघून किंचाळलेली बाई. पण आता किंचाळलं तर तो आवाजाकडे वळेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने तोंडातली धूळ गिळली आणि रोज जेवायला हाक मारते त्या आवाजात म्हणाली, "काय रे, आज इकडून?"

त्याचे खांदे हलले. "ताई?"

"मीच. वळू नकोस. तसाच उभा राहा."

"ताई, हे काय आहे?"

"फळी आहे. तू तिच्यावर आहेस, अगदी मधोमध."

"आणि खाली?"

"खड्डा आहे. फार नाही."

त्याने काठी दुसऱ्या हातात घ्यायचा प्रयत्न केला आणि ती निसटली. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग लोखंडी सळईवर काठी वाजली, आणि मग पाणी.

"खोटं बोलतेस," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज तिने कधी असा ऐकला नव्हता. बारीक, लहान मुलासारखा. "ताई, मला हलता येत नाहीये. पाय माझे नाहीतच."

"हलायचं नाहीच आहे. बसायचंय फक्त. आधी गुडघे वाकव. थोडे. आणखी थोडे. आता हात खाली ने. लागली का कड?"

"लागली."

"दोन्ही कडा धर. आता एक पाय खाली सोड. घोड्यावर बसतात तसा."

"खाली काहीच नाही ताई."

"तुला खाली जायचंच नाही, मग असलं काय, नसलं काय? सोड पाय."

त्याने एक पाय सोडला, मग दुसरा. फळी वाकली. बोलता बोलता ती आणि स्कूटरवाला ढिगावर चढून फळीपाशी आले होते; तिच्या पायाशी, फळीच्या टोकाखाली, भुसभुशीत माती घसरायला लागली होती. धसकीने ते पाहिलं आणि दुसरा विचार न करता त्या टोकावर फतकल मारून बसली. स्कूटरवाल्याने शेजारी गुडघे टेकून फळी दोन्ही हातांनी दाबून धरली. तिथून तिला खंदकाचा तळ दिसत होता. ती तळाकडे न बघता भावाच्या शर्टाच्या शिवणीकडे बघत राहिली.

"आता मागे सरक. वीतभरच."

तो सरकला नाही. त्याचा श्वास तिथपर्यंत ऐकू येत होता.

"ऐक," ती म्हणाली. "आज एक मजेशीर गिऱ्हाईक आलंय. म्हातारबुवांच्या पुढच्या दोन दातांत फट होती म्हणे तरुणपणापासून. नव्या कवळीतही तशीच फट हवी म्हणतात. बायको ओळखणार नाही नाहीतर."

"मग... केलीस?"

"मागे सरक, सांगते."

तो सरकला.

"केली. डॉक्टर म्हणाले नको, मी म्हटलं असू दे. पण किती मोठी ते कोणाला माहीत? सरक. मग जुना फोटो मागवला. लग्नातला. त्यात बुवा तोंड मिटून उभे! सरक."

असं करत करत, म्हातारबुवांचं सगळं चरित्र खरं-खोटं रचत, तिने त्याला मागे आणलं. त्याची पाठ तिच्या गुडघ्यांना लागली तेव्हा तिने दोन्ही हातांनी त्याच्या शर्टाची कॉलर धरली, आणि मग तिघंही मातीच्या ढिगावरून उलटे घसरत रस्त्यावर आले.

तेवढ्यात यंत्र चालवणारा धावत आला, तोंडात घास तसाच. "ओ, रस्ता बंद आहे हे दिसत नाही का तुम्हाला?"

"नाही," भाऊ म्हणाला.

त्या माणसाने भावाच्या डोळ्यांकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. मग वळून तो कठडे पुन्हा जागेवर ओढायला लागला.

घरी आल्यावर आधी धसकीला हुडहुडी भरली. नंतर भावाला. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, चहा निवत होता. भावाच्या तळहातांत फळीच्या कुसळी शिरल्या होत्या, ती मेणात दात बसवायच्या चिमट्याने एकेक काढत होती. तो म्हणाला, "श्वास घेता येत नव्हता. कानांत नुसती शिट्टी वाजत होती. ताई, तुला रोज असंच होतं का?"

"रोज नाही," ती म्हणाली. "पण बऱ्याचदा."

"आणि मी तुला हसायचो."

ती चिमटा घेऊन पुन्हा त्याच्या तळहातावर वाकली. कुसळ खोल होतं.

त्यानंतर तिने जे केलं ते तिच्यासारखीने केलं असतं तेच. दवाखान्याभोवतीचे सगळे रस्ते तिने नकाशात बंद करून टाकले. मागचा, बाजूचा, जिथे नुसता नळांचा ढीग आणून टाकला होता तोही. मोजपट्टीला तिने घडलं ते सगळं लिहिलं आणि शेवटी लिहिलं, "आता एकही रस्ता मी उघडणार नाही. कोणी उघडला तर मी पुन्हा बंद करीन."

मोजपट्टीचं उत्तर उशिरा आलं. "तारखेचा हट्ट माझा होता. आज मला घास गिळवला नाही. तुम्ही म्हणाल ते बरोबर."

त्याने हार मानली म्हणून तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नकाशातलं सगळ्यात शहाणं माणूसही घाबरलं होतं, आणि आता तिला थांबवणारं कोणीच नव्हतं.

थांबवलं ते एका फोनने. भाऊ दोन दिवस रजा काढून कामावर रुजू झाला, शेजाऱ्याचा हात धरून. संध्याकाळी परत आला तो बूट न काढताच बसला. "ताई, आज एक रुग्णवाहिका उशिरा आली. आत अडलेली बाळंतीण होती. चालक नवा होता, नकाशा बघून चालला होता. मागचा रस्ता बंद दाखवला म्हणून सगळा वळसा घालून आला. खाली येऊन माझ्याच फोनवर ओरडत होता, कुठल्या शहाण्याने बंद केलाय म्हणून."

धसकीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "बाई?"

"बरी आहे. मूलही बरं आहे."

"नक्की?"

"मी स्वतः वॉर्डात फोन करून विचारलं. दोनदा."

ती खाली बसली. मागच्या रस्त्यावर फक्त नळ पडले होते. ते तिने पाहिलं होतं. आतापर्यंत तिला वाटायचं, उघडण्यात धोका आहे आणि बंद करण्यात नाही. भीती वाटली की बंदच्या बाजूला पळायचं, तिथे सुरक्षित. आता त्या बाजूलाही एक बाई कळा देत गाडीत पडलेली होती. पळायला जागाच उरली नव्हती, आणि या विचाराने तिला खंदकापेक्षा जास्त भीती वाटली.

रविवारी ती निघाली. भाऊ म्हणाला, "मी येतो." ती नको म्हणाली, तो आला. नवी काठी घेऊन, तिच्या कोपराला धरून. दवाखान्याभोवतीचा एकेक रस्ता त्यांनी पायाखाली घातला. प्रत्येक खड्ड्याच्या काठाशी ती गेली, लांबून नाही. काठाशी गेली की तिचं कोपर कापायचं आणि भावाला ते हातात कळायचं. तो पकड तेवढी घट्ट करायचा. मागचा रस्ता तिने त्याच दिवशी उघडला. बाजूचाही उघडला. उघडताना बटणावर बोट ठेवून ती इतका वेळ थांबली की फोनचा पडदा विझला.

मोजपट्टीला तिने लिहिलं, "पाटीवरची तारीख ही कंत्राटदाराची आशा असते. ती आपण नकाशात घालायची नाही. आपण कोणत्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, ती तारीख घालायची. जुनी झाली की कोणीतरी पुन्हा जायचं." त्याने विचारलं, "कोणी जायचं?" तिने लिहिलं, "मी जाते." लिहून झाल्यावर ते पुसावं असं तिला फार वाटलं, पण तोवर त्याने वाचलं होतं.

ती जाते. पावलं मोजत नाही, तक्रार करत नाही, आणि भीती कमी झाली असं कोणाला खोटं सांगतही नाही. रात्री झोपेत तिला अजून ते लोखंड वाजताना ऐकू येतं. दर रविवारी दाराबाहेर पडण्याआधी ती एक पेला पाणी भरते, अर्धा पिते आणि उरलेला ओतून टाकते. नकाशावर आता आणखी तिघं-चौघं तसंच करतात. एक शिंपी आहे, एक शाळेची गाडी चालवणारी बाई आहे. शहर अजून खणतंच आहे. गेल्या आठवड्यात भावाने विचारलं, उद्या सरळ रस्त्याने जाऊ का, तो झालाय असं सगळे म्हणतात.

"सगळे म्हणजे कोण?" ती म्हणाली, आणि चपला घालायला लागली.